एक सच्छिद्र गृहस्थ

एप्रिलच्या दुपारी चारच्या सुमाराला रहिमतपुरात आलात, तर चहाच्या आधी यांची गाठ घालून देतो. रस्त्याला लागून, पश्चिमेकडे तोंड करून उभी असलेली एखादी नवी दुमजली इमारत बघा. खाली गाळा, वर बिऱ्हाड, आणि वरच्या गॅलरीपुढं अंगभर भोकं पडलेला, चॉकलेटी रंगाचा, ताठ उभा पत्रा. सगळं ऊन त्यानं छातीवर घेतलेलं असतं. आत गॅलरीत एखादी आजी खुर्ची टाकून डाळ निवडत असते आणि तिच्या मांडीवरच्या ताटात उन्हाचे ठिपके डाळीबरोबर हलत असतात. हेच ते गृहस्थ.

नावाच्या बाबतीत गोंधळ आहे. फॅब्रिकेटर त्याला ‘सीएनसी’ म्हणतो, म्हणजे ज्या यंत्रानं कापला त्या यंत्राचंच नाव पोराला. हार्डवेअरवाला ‘परफोरेटेड’ म्हणतो आणि त्यातला एखादा ‘र’ दरवेळी वाटेत गळतो. आर्किटेक्ट ‘फसाड’ म्हणतात, घरमालक ‘एलिव्हेशन’. गवंडी ‘भोकाचा पत्रा’ म्हणून मोकळा होतो आणि घरातल्या बायका ‘जाळी’ म्हणतात. तो सगळ्यांना ओ देतो.

त्याचं घराणं मोठं कष्टाचं आहे, आणि हे तुम्हाला आधी सांगायला हवं, कारण एलिव्हेशनवर चढल्यापासून तो ते स्वतःहून सांगत नाही. स्वयंपाकघरातला झारा, किसणी, मोदकपात्रातली चाळण, सोऱ्याची चकती हे त्याचे सख्खे. मळणी मशीनच्या पोटात बसलेल्या चाळण्या चुलत घरातल्या. ज्वारीची वेगळी, गव्हाची वेगळी, सोयाबीनची वेगळी; पीक बदललं की चाळणी बदलायची. मसाल्याच्या गिरणीत पल्व्हरायझरखाली एक जाळी असते. चटणी किती बारीक पडायची, हे तीच ठरवते. आणि घराण्यातला सगळ्यात कर्तबगार माणूस साखर कारखान्यात. सेंट्रिफ्युगलची टोपली गरगर फिरते, मळी भोकांतून बाहेर फेकली जाते आणि साखर आत जाळीला धरून राहते. ऊस पिकवणाऱ्या या मुलखात प्रत्येक चमचा साखर या काकांच्या हातून गेलेली असते.

जायचं ते जाऊ द्यावं आणि राहायचं ते धरून ठेवावं, हा या घराण्याचा धंदा. कुणी धान्य निवडलं, कुणी चटणी, कुणी साखर. आपला गृहस्थ ऊन निवडतो. वारा आत, उजेड थोडा आत, तिरीप बाहेर.

याच घराण्याच्या आता दोन शाखा झाल्यात. जुनी शाखा प्रेसखाली जन्मलेली: गोल भोकं, सरळ ओळी, एकसारखी शिस्त. नवी शाखा लेझरखाली कापलेली: वेली, पिंपळपानं, मोर, षटकोन. नव्या शाखेला नटण्याची हौस आहे. त्याबद्दल बोलूच, पण आधी जन्माची गोष्ट.

प्रेसचा पंच खाली येतो, पत्र्यातून आरपार जातो आणि खाली टिकल्या पडतात. अक्षरशः टिकल्या, बायकांच्या कपाळावर शोभतील एवढ्या, फक्त लोखंडाच्या. त्या पोत्यात भरून किलोवर भंगारात जातात. इकडे हजारो घाव सोसलेला पत्रा भाजलेल्या पापडासारखा वाकडा होतो. मग त्याला रुळांमधून काढून सपाट करतात. त्याची एक अट असते, आणि जुने कारागीर ती पाळतात: भोक पत्र्याच्या जाडीपेक्षा लहान मागायचं नाही. ३ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला २ मिलिमीटरचं भोक पाडायला गेलात, तर मोडतो तो पंच. काठाला चारी बाजूंनी कोरी पट्टी सोडायची, हीही त्याची मागणी. लुगड्याला काठ असतो तसा. काठ नसला की कडेची अर्धी भोकं करवतीसारखी दिसतात आणि कापणाऱ्याचा हातही कापतात.

हिशेबाला तो पक्का आहे. ५ मिलिमीटरचं भोक, एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर, आणि ओळी एकाआड एक सरकवलेल्या, असा पत्रा घेतला तर शंभरातले ३५ भाग मोकळे राहतात. तीच भोकं १० मिलिमीटरवर नेली की मोकळी जागा २३ भागांवर येते. दोन मिलिमीटरचा फरक, पण गॅलरीत बसणाऱ्याला तो जाणवतो. घेणारे मात्र मोबाइलवर फोटो दाखवून ‘असलाच द्या’ म्हणतात. फोटोत डिझाईन दिसतं. शंभरातले किती, ते दिसत नाही.

आता त्याचा स्वभाव. त्याचं सगळं वैर मावळतीच्या उन्हाशी आहे. रहिमतपूर विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेसतरा अंशांच्या जरा वर. इथं मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो आणि माणसाची सावली पायाखाली जाते. आपण त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतो. त्या वेळी उभ्या पत्र्याला काही कामच नसतं. डोक्यावरचं ऊन भिंतीला शिवत नाही, ते स्लॅब भाजतं. भिंतीचा छळ तीननंतर सुरू होतो. सूर्य कलतो, खिडकीतून थेट आत शिरतो, समोरच्या भिंतीपर्यंत पोचतो, आणि रात्री अकरापर्यंत भिंत ऊब टाकत राहते. हे तीन ते सहा म्हणजे आपल्या गृहस्थाची ड्युटी.

ड्युटीतही एक बारकावा आहे. तीन वाजताचं ऊन वरून तिरकं येतं, त्यामुळं पत्र्याची जाडीही आड येते. भोक म्हणजे त्या उन्हाला एक आखूड नळी असते. साडेपाचचं ऊन नाकासमोर येतं आणि भोकातून सरळ आत शिरतं. म्हणजे दिवस मावळताना तो थोडा सैल सोडतो. तेव्हाच आजीची डाळ निवडून होते आणि ताटातले ठिपके केशरी होतात. मला हा त्याचा सगळ्यात लोभस वेळ वाटतो.

पण त्याला भिंतीपासून लांब उभा करावा लागतो. हे मी कळकळीनं सांगतो, कारण आसपासच्या गावांतून नुसता फिरलो तरी निम्म्या ठिकाणी तो भिंतीला चिकटवलेला दिसतो. ऊन अडवणारा स्वतः तापणारच. एप्रिलच्या चार वाजता गडद रंगाच्या पत्र्याला हात लावून बघा, हात आपोआप मागं येईल. तो आणि भिंत यांच्यात हातभर जागा असली, खाली आणि वर तोंड मोकळं असलं, की मधली तापलेली हवा वर निघून जाते आणि खालून नवी येते. चिकटवला की तो तापतो आणि भिंतीला तापवतो. मग घरातले म्हणतात, जाळी लावून काही फरक पडला नाही. बिचाऱ्याचं काम करण्याचं अंतरच त्याला दिलेलं नसतं.

काहींनी तर त्याला उत्तरेच्या भिंतीवर लावलाय. रस्ता त्या बाजूला, म्हणून. तिथं वर्षातले बहुतेक दिवस त्याच्या वाट्याला धड ऊनच येत नाही. पहाटे उठणाऱ्या गड्याला दिवसभर लग्नाच्या मांडवात हार घालून बसवावं, तसा तो तिथं दिसतो.

दिवसा तो फार जपून बोलतो. आतून बघाल तर रस्ता सगळा दिसतो: उसाची ट्रॉली, शाळेतून सुटलेली पोरं, समोरच्या दुकानात उधारीवरून चाललेली घासाघीस. बाहेरून मात्र आतलं काही दिसत नाही. बाहेर लख्ख उजेड, आत सावली, आणि डोळा नेहमी उजेडाकडे धावतो, एवढंच त्यामागचं गुपित. आतल्या अंगाचा रंग गडद ठेवला तर बाहेरचं आणखी स्वच्छ दिसतं. पांढरा दिला की तो स्वतःच चमकतो आणि रस्ता धूसर होतो. बाहेरून फिका, आतून काळपट असा दुहेरी रंग त्याला सगळ्यात मानवतो. खर्च जरा वाढतो म्हणून फारसं कुणी करत नाही.

दिवे लागले की हाच गृहस्थ घरातलं सगळं रस्त्यावर सांगतो. आत ट्यूब लागली, बाहेर अंधार पडला, की पत्रा जणू विरघळतो. कोण जेवतंय, कोण टीव्हीपुढं झोपलंय, कुणी कुणावर डोळे वटारलेत, सगळं खालून दिसतं. नव्या घरात राहायला आलेल्या मंडळींना हे पहिल्या आठवड्यात कळत नाही. समोरच्या काकू सकाळी पाणी भरताना सहज विचारतात, ‘काल थालीपीठं का?’ आणि दुसऱ्या दिवशी पडद्याचं माप घ्यायला माणूस येतो.

आता नटण्याविषयी. लेझर आल्यापासून त्याच्या अंगावर काय काय आलं, ते मोजवत नाही. मोर, हंस, कमळं, बांबूची बेटं, गणपतीची सोंड, ॐ, राजमुद्रा. मला त्यात वावगं वाटत नाही. गावाकडच्या माणसानं आयुष्यभराची पुंजी घालून घर बांधलं, तर दारावर त्याला आवडतं ते असावं. एकच बघावं, की मोराच्या नादात भोकं किती उरली. सगळा पत्रा कोरा आणि मधेच एक मोर, असं केलं तर वारा अडतो. पावसाळी सोसाट्यात असा कोरा पत्रा शिडासारखा फुगतो आणि त्याचा सगळा ओढा अँकर बोल्टांवर येतो.

अक्षरांच्या बाबतीत तर तो भारी हट्टी. ‘वैभव’ असं नाव कापायला द्या. ‘व’चं पोट कापलं की आतला तुकडा सुटून खाली पडतो, कारण त्याला धरायला काहीच उरत नाही. पोटात दोन बारीक टाके ठेवावे लागतात, मगच ‘व’ हा ‘व’ राहतो. नाहीतर फक्त एक काळं भगदाड. शिरोरेषेचं आणखी वेगळं. ती सलग कापली की पत्र्याला आडवा चिरा पडतो आणि वरचा भाग लपलपतो. कापणारी पोरं म्हणून शिरोरेषा तुकड्यातुकड्यात घेतात. देवनागरी लिहिणं वेगळं आणि देवनागरी भोकात बसवणं वेगळं, हे त्या पोरांकडून शिकावं.

विजापूरच्या कारागिरांनी हा पेच उलटा सोडवला होता. १६२७ च्या सुमाराला पुऱ्या झालेल्या इब्राहिम रोझाच्या खिडक्यांत अरबी अक्षरं दगडाची ठेवली आणि मधली जागा कोरून काढली. वाचायचं ते दगडात, आणि उजेड-वारा अक्षरांच्या मधून. मजकूर स्वतःच जाळी धरून उभा आहे. आपल्या पत्र्यालाही तसं सांगून बघावं असं मला फार वाटतं: नाव कापू नका, नाव ठेवा, भोवतालचं कापा.

विजापूरचा विषय रहिमतपुरात परका नाही. गावातली जुनी मशीद आणि कबर आदिलशाहीतल्या रणदुल्लाखानाशी जोडलेली, तो मुहम्मद आदिलशहाच्या काळातला सरदार. मशिदीपासून साधारण शंभर यार्डांवर हत्तीच्या मोटेचा मनोरा आहे. साताऱ्याच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये त्याची उंची सुमारे ५० फूट दिली आहे, पश्चिमेच्या अंगाला चढायला उतार. कशासाठी? मशिदीतलं कारंजं उडावं म्हणून. पाणी वर चढवल्याशिवाय त्याला जोर येत नाही आणि जोर आल्याशिवाय कारंजं उडत नाही. एका कारंज्याच्या शोभेसाठी पन्नास फुटांचा हिशेब उभा केला. शोभा आणि काम अशी दोन खाती त्या माणसांनी वेगळी ठेवली नव्हती. आपला गृहस्थ त्याच वाटेवरचा आहे, फक्त त्याला बसवणाऱ्याला तो हिशेब करावा लागतो.

त्याचे परदेशातले नातेवाईक बरेच नावारूपाला आलेत. पॅरिसमध्ये १९८७ साली जाँ नूव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अरब जगाविषयीच्या संस्थेची इमारत बांधली. तिच्या दक्षिणेच्या भिंतीला कॅमेऱ्याच्या पडद्यासारखी उघडमीट करणारी धातूची भोकं आहेत. उजेड वाढला की ती बारीक व्हावीत, अशी यंत्रणा. यंत्रणा नाजूक, ती बिघडत राहिली. सॅन फ्रान्सिस्कोच्या द यंग संग्रहालयाला २००५ मध्ये सगळ्या अंगावर भोकांचा तांब्याचा पत्रा चढला. झाडाच्या पानोळ्याची छायाचित्रं घेऊन त्यांवरून भोकं आणि खळगे पाडलेत. आपल्याकडचा मोटारीवाचून आणि तांब्यावाचून भागवतो. वर्षानुवर्षं त्याची भोकं तेवढीच राहतात, उघडायची-मिटायची कटकट नाही.

आवाजाच्या बाबतीत तो थोडा चिडका. ॲल्युमिनियमचा आठ फुटी पत्रा सकाळच्या गारव्यातून दुपारच्या उन्हात ३० अंशांनी तापला, तर जवळपास पावणेदोन मिलिमीटर लांबतो. त्याला सरकायला जागा हवी, म्हणून जाणते फॅब्रिकेटर बोल्टाचं भोक लांबट ठेवतात. गोल ठेवून घट्ट आवळलं तर तो मधे फुगतो आणि संध्याकाळी आखडताना टक्‌, टक्‌ असे बोल टाकतो. घरातल्या म्हाताऱ्यांना वाटतं, कुणी कडी वाजवतंय. बोल्ट ढिले राहिले तर उलटं. वाऱ्याला रात्रभर खडखड. मधे रबराचं वॉशर टाकलं की तो गप्प बसतो.

आणि त्याची दुखणी. लोखंडी असला तर पहिल्या दोन पावसाळ्यांत सगळं कळतं. पत्रा सपाट असतो तोवर रंग बसतो. भोकाच्या कडेला मात्र धातू उघडा पडलेला असतो, आणि पत्र्याला हजारो कडा. गॅल्व्हनाइज्डलाही तेच. जस्ताचा थर वर आणि खाली, कापलेल्या कडेवर नाहीच. म्हणून आधी भोकं आणि मग रंग, हा क्रम चुकवायचा नाही. आधी पावडर कोटिंग केलेला पत्रा आणून नंतर कापला, की दुसऱ्या श्रावणात प्रत्येक भोकाच्या खालून तांबडा ओघळ उतरतो आणि मागची पांढरी भिंत काजळ फिसकटल्यासारखी दिसते. ॲल्युमिनियमचा पत्रा साध्या लोखंडी बोल्टांनी धरला तरी पावसात ते दोघं एकमेकांना खातात. स्टेनलेस बोल्ट आणि मधे वॉशर, एवढ्यावर ते भांडण मिटतं.

पाऊस मात्र त्याला शोभतो. सर थांबल्यावर दोन मिनिटं जवळ जाऊन बघा. बारीक भोकांत पाण्याचा पापुद्रा अडकलेला असतो, प्रत्येक भोकात एक. प्रत्येकात समोरचं झाड उलटं, चिमूटभर. वारा आला की पापुद्रे एकामागून एक फुटतात, वरून खाली. काही भोकं कुंभारीण माशीनं चिखलानं बुजवलेली असतात. ती तिला द्यावीत.

त्याच्या उन्हाच्या ठिपक्यांबद्दल सांगायचं राहिलंच. भोक चौकोनी असो की पिंपळपानाच्या आकाराचं, ते बारीक असलं आणि ठिपका पुरेशा लांबवर पडला, की तो गोलच पडतो. तो भोकाचा आकार राहत नाही, सूर्याची प्रतिमा होतो. आंब्याखाली दुपारी दिसणाऱ्या गोल चवल्याही त्याच. अंतराच्या साधारण १०८व्या भागाएवढा ठिपका, म्हणजे दहा फुटांवर इंचभराहून किंचित मोठा. भोकं त्याहून दाट असली तर ठिपके एकमेकांत मिसळतात आणि खोलीत नुसता मऊ उजेड पसरतो. भोकं विरळ असली तर भिंतीवर डझनांनी सूर्य.

२५ ऑक्टोबर २०२२ ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, आपल्याकडे मावळतीच्या वेळी खंडग्रास ग्रहण होतं. सूर्य ग्रासलेलाच मावळला. त्या संध्याकाळी पश्चिमेच्या पत्र्याला तासाभराची संधी होती. जिथं भोकं बारीक आणि विरळ, मागची भिंत लांब आणि आभाळ स्वच्छ, तिथं प्रत्येक ठिपक्याची एकच कड कुरतडलेली पडणार; भिंतभर, एका मापाच्या, एका बाजूनं दातांनी तोडलेल्या करंज्यांसारखी. ग्रहण बघायला आपण काळ्या काचा शोधतो. हा गृहस्थ ते घरातल्या भिंतीवर मांडून देतो, आणि त्याच्याकडे पाठ करून बसलो की डोळ्याला धोका नसतो.

सव्वासात झालेत, बघा. दुकानदारानं समोरच्या फरशीवर पाणी मारलंय. वर पत्र्यानं टक्‌ केलं, जरा थांबून पुन्हा एकदा. आजी ताट घेऊन उठली. आत कुणीतरी बटण दाबलं, ट्यूब दोनदा फडफडून लागली आणि सगळी गॅलरी खालून स्वच्छ दिसायला लागली: खुर्ची, दोरीवरच्या साड्या, भिंतीवरचं कॅलेंडर. सुनेनं रस्त्याकडे एकदा बघितलं आणि पडदा ओढून घेतला.